शेतकऱ्यांचा कैवारी रायफायझेन

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांचे वडील आपापल्या गांवच्या सोसायटीचे सभासद आहेत. बियाणें व खत यांसाठीं सोसायटीचें कर्ज काढणें ही त्यांच्या घरची नित्याची गोष्ट आहे. परंतु या सोसायटीचें मूळ जर्मनींतील एका अर्धवट आंधळ्या गृहस्थाच्या खटपटींत आहे, हें थोड्यांसच ठाऊक असेल. त्यांचें चरित्र येथें थोडक्यांत सांगावें असें आम्हीं योजिलें आहे.

फ्रीड्रिख विल्हेल्म रायफायझेन यांचा जन्म ३० मार्च १८१८ रोजीं वेस्टरवाल्ड नांवाच्या डोंगराळ मुलखांत हाम या गांवीं झाला. नऊ भावंडांत ते सातवे. वडील कांहीं काळ गांवचे मेयर होते. पुढें त्यांच्या आजारामुळें प्रपंचाचा भार आईवर पडला. उच्च शिक्षणास पैसा नव्हता, म्हणून गांवच्या पाळकसाहेबांनींच या मुलास शिकविलें. सतराव्या वर्षीं ते प्रशियाच्या तोफखान्यांत शिरले, परंतु डोळ्यांचा विकार जडल्यामुळें १८४३ सालीं लष्कर सोडावें लागलें. मग मुलकी खात्यांत जाऊन १८४५ सालीं ते वायरबुश व आसपासच्या खेड्यांचे मेयर झाले.

लगेच १८४६-४७ चा दुष्काळी हिवाळा आला. सरकारनें पीठ धाडलें, पण तें रोख पैसे घेऊनच द्यावें असा हुकूम होता. ज्याच्या घरीं दाणा नाहीं त्याच्या घरीं रोकड कोठून असणार? रायफायझेन यांनीं जोखीम शिरावर घेऊन पीठ उधार दिलें. सुखवस्तु लोकांकडून पैसे गोळा केले, सार्वजनिक भट्टी बांधली, आणि बाजारभावाहून स्वस्त पाव गरिबांस उधारीनें मिळेल अशी तजवीज केली. फुकट वांटणें सोपें होतें. परंतु भुकेल्या माणसासही कर्जदार म्हणूनच वागवावें, भिकारी म्हणून नव्हे, हा त्यांचा कल तेव्हांपासूनच दिसतो.

१८४८ सालीं त्यांची बदली फ्लामर्सफेल्ड येथें झाली. तेथें पाहतात तों जनावरांच्या उधारीनें शेतकरी बुडालेले. गोठ्यांतील गाय सावकाराची, दूध मात्र पोरांच्या तोंडचें काढून व्याजांत जाई. हप्ता चुकला कीं गायही जाई. १८४९ सालीं रायफायझेन यांनीं सुमारें साठ सधन गृहस्थांची मंडळी उभी केली. मंडळीच्या हमीवर पैसा काढून गाई घेतल्या व शेतकऱ्यांस दिल्या; किंमत पांच वर्षांत फेडावयाची. गाय म्हणजे दूध, शेणखत व विकावयास वासरूं, अर्थात् गरिबाच्या स्वतंत्र धंद्याचें भांडवलच.

१८५२ सालीं ते हेडेसडोर्फ येथें आले. तेथें १८५४ सालीं त्यांनीं काढलेल्या परोपकारी मंडळीचे हेतु फार मोठे होते: निराधार मुलांचा सांभाळ, बेकारांस व तुरुंगांतून सुटलेल्यांस काम, वाचनालय, शिवाय कर्जें. पण थोड्याच वर्षांत सधन सभासद थकले. जोखीम त्यांची, फायदा दुसऱ्याचा. हें किती दिवस चालणार! एकेक काम बंद पडत गेलें व कर्जाचें तेवढें उरलें. येथें रायफायझेन यांच्या मनाची खरी कसोटी लागली. श्रीमंतांनीं ख्रिस्ती प्रीतीनें गरिबांस हात द्यावा यावर त्यांची सारी भिस्त होती, आणि ती सोडणें त्यांस फार जड गेलें. शेवटीं १८६४ सालीं त्यांनीं नियमच फिरविला: ज्यास कर्ज हवें त्यानें स्वतः सभासद व्हावें. आपली वीस वर्षांची समजूत अपुरी होती हें सेहेचाळिसाव्या वर्षीं कबूल करणें, हें आमच्या मतें त्यांच्या हातून झालेलें सर्वांत मोठें कृत्य होय.

नव्या पतपेढीची रचना साधी होती. क्षेत्र लहान ठेवावयाचें, म्हणजे प्रत्येकास प्रत्येकाची माहिती असते. सर्वांच्या कर्जास सर्व जबाबदार, आणि तेंही आपल्या शेतघरासह अमर्याद! अमका गडी गाईसाठीं पैसे मागून गुत्त्यांत घालवील काय, हें शेजाऱ्यास कोणत्याही बँकेहून अधिक ठाऊक असतें. आणि आपलें शेत जामीन असल्यावर तो डोळ्यांत तेल घालून पाहतो. पंचांस वेतन नाहीं. नफा वांटावयाचा नाहीं, तो राखीव निधींत टाकावयाचा.

स्वतः रायफायझेन यांवर याच सुमारास संकटें कोसळलीं. १८६३ सालीं विषमज्वर झाला, पत्नी निवर्तली, दृष्टि जवळजवळ गेली. १८६५ सालीं नोकरी सुटली व पेन्शनींत मुलांचें पोट भरेना. तेव्हां त्यांनीं चिरूट वळण्याचा कारखाना काढला; तो नीट चालला नाहीं. मग द्राक्षासवाचा व्यापार मांडला व त्यावर संसार सांवरला. मद्यपाननिषेधाचे अभिमानी असलेल्या आमच्या वाचकांस हें रुचणार नाहीं, पण खरें तें सांगितलेंच पाहिजे. दुसऱ्यांस जी वाट दाखविली तिच्यावर आंधळेपणीं त्यांस स्वतःस चालावें लागलें. १८६६ सालीं त्यांनीं पतपेढ्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. तो त्यांनीं सांगितला व थोरली मुलगी आमालिया हिनें लिहून घेतला. ती अविवाहित राहून अखेरपर्यंत वडिलांचे डोळे झाली होती. पुतळे बापाचे उभारले गेले. आमच्या मुलींनीं तिचें नांवही लक्षांत ठेवावें.

११ मार्च १८८८ रोजीं रायफायझेन वारले. त्यापूर्वीं १८७५ सालीं आपल्या पुणें जिल्ह्यांत सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांचे रोखे जाळले होते. म्हणजे दुखणें इकडेही तेंच होतें. मद्रास सरकारनें फ्रेडरिक निकल्सन यांस युरोपांतील पतपेढ्यांचा अभ्यास करण्यास सांगितलें, आणि १८९५ पासून प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालांत त्यांनीं रायफायझेन यांच्या पद्धतीचीच मुक्तकंठानें शिफारस केली. १९०४ सालीं हिंदुस्थानांत सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला. खेड्यांतील पेढ्यांस त्यानें अमर्याद जबाबदारीचा तोच नियम लावला. दुसऱ्याच वर्षीं त्या वेळच्या मुंबई इलाख्यांत, धारवाड जिल्ह्यांतील कणगिनहाळ या खेड्यांत, शेतकऱ्यांची पहिली पतपेढी उघडली.