डॉ. वसंत रामजी खानोलकर : तंबाखूचा हिशेब मांडणारे संशोधक

आपल्या बेळगाव-निपाणी भागात एखाद्याच्या तोंडातली जखम महिनाभर भरली नाही, की घरची माणसे मुंबईला परळच्या टाटा रुग्णालयाची चौकशी करू लागतात. त्या रुग्णालयाचे नाव सर्वांना ठाऊक आहे. पण तेथील प्रयोगशाळेची घडी बसविणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर फार थोड्यांना माहीत असतात. तंबाखू आणि कर्करोग यांचे नाते भारतात ज्यांनी पद्धतशीरपणे शोधले, त्यांत ते अग्रणी होत. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. वैद्यकातले मला फारसे कळत नाही. तरीही हे चरित्र मला जवळचे वाटते, कारण खानोलकरांनी केले ते एका अर्थी हिशेबाचेच काम होते.

त्यांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी क्वेट्टा येथे एका गोमंतक मराठा कुटुंबात झाला. लंडन विद्यापीठात वैद्यकाचे शिक्षण घेऊन १९२३ साली ते विकृतिशास्त्रात एम. डी. झाले. रोगामुळे शरीरातील पेशींत कोणते बदल होतात, हे पाहणारे ते विकृतिशास्त्र. भारतात परतल्यावर मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात त्यांनी अध्यापन केले. १९४१ साली टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले आणि तेथील प्रयोगशाळा व संशोधन यांची धुरा त्यांच्याकडे आली.

विकृतिशास्त्रज्ञाचा रोग्याशी सहसा थेट संबंध येत नाही. गाठीचा तुकडा काचपट्टीवर येतो, सूक्ष्मदर्शकातून तो पाहायचा आणि निदान लिहायचे, इतकेच त्याचे काम. खानोलकर तेवढ्यावर थांबले नाहीत. हा माणूस कोठला, काय खातो, तंबाखू ओढतो की चघळतो, चघळत असेल तर ती तोंडात कोठे धरतो, असल्या साध्या गोष्टींची नोंद त्यांना मोलाची वाटली. १९४४ साली त्यांनी मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या ओळीने १,००० रोग्यांचा आढावा प्रसिद्ध केला.

पुढच्याच वर्षी, १९४५ मध्ये, सहकारी सूर्याबाई यांच्यासह लिहिलेल्या निबंधात त्यांनी लोकांच्या सवयींशी निगडित कर्करोगाचे तीन प्रकार मांडले. आंध्राच्या किनारपट्टीवर चुट्टा नावाची जाड विडी पेटते टोक तोंडात धरून ओढण्याची चाल होती; तेथे कर्करोग टाळूला होई. चुना लावलेली खैनी खालच्या ओठामागे धरणाऱ्यांना तो नेमका त्याच खाचेत होई. तिसरा प्रकार तंबाखूशी संबंधित नव्हता. तो कमरेला घट्ट आवळलेल्या धोतराच्या काचणीतून उद्‌भवणारा होता. ब्रिटनमधील डॉल आणि हिल यांचा धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग यांवरील प्रसिद्ध निबंध १९५० सालचा आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या कामाचे महत्त्व कळते. १९५५ साली संघवी व राव यांच्यासह केलेल्या अभ्यासात आणखी एक गोष्ट पुढे आली. चघळणाऱ्यांना धोका मुख्यतः तोंडाच्या पोकळीत, तर विडी ओढणाऱ्यांना जिभेच्या मुळाशी आणि घशात. ज्यांना दोन्ही सवयी, त्यांचा धोका आणखी मोठा.

मानमरातब त्यांना पुष्कळ मिळाले. भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते संस्थापक संचालक होते. १९६० ते १९६३ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते आणि नंतर दहा वर्षे राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक. कुष्ठरोगावरही त्यांनी मोलाचे काम केले. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांचे निधन झाले.

मग इतक्या जुन्या ज्ञानानंतरही धूम्रपानाची चिंता का उरावी? याचे उत्तर मला पुस्तकापेक्षा भोपाळच्या करोंद भागात अधिक सापडले. तेथे माझे मामा राहतात आणि सुट्टीत माझे जाणे होते. करोंदला धान्याची मोठी मंडी आहे. पोती वाहणारे हमाल दोन खेपांच्या मध्ये विडी शिलगावतात. थकवा घालवण्याचे तेवढेच स्वस्त साधन त्यांच्या हाताशी असते. याच शहराने १९८४ च्या डिसेंबरात विषारी वायू सोसला, आणि त्या पीडितांसाठी उभारलेले भोपाळ मेमोरियल रुग्णालय करोंदलाच आहे. ज्या छातीने आधीच एवढे सोसले, तिच्यात पुन्हा विडीचा धूर जावा, याचे वाईट वाटते.

विडी दिसायला लहान, म्हणून निरुपद्रवी वाटते. परंतु तिचे पान धड जळत नाही, ती सारखी विझते, म्हणून जोराने व वरचेवर झुरके घ्यावे लागतात आणि विष कमी जात नाही. १९७५ च्या कायद्याने सिगारेटच्या पाकिटावर इशारा आला. विडी त्यातून सुटली. ती कक्षेत आली २००३ च्या कायद्याने. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत प्रौढांपैकी सिगारेट ओढणारे ४ टक्के, तर विडी ओढणारे ७.७ टक्के आढळले.

येथे आपल्यालाही मान वर करून बोलता येत नाही. विडीचे तेंदूपान मध्य प्रदेशच्या जंगलातले, तर तिच्यातल्या तंबाखूसाठी आपली निपाणी प्रसिद्ध. कन्नडमध्ये तंबाखूला होगेसोप्पू, म्हणजे धुराचा पाला, म्हणतात. त्या पाल्यावर आपल्याकडच्या कितीतरी घरांच्या चुली पेटल्या, मुलांच्या फिया भरल्या गेल्या. १९८१ साली रास्त भावासाठी झालेल्या आंदोलनात शेतकऱ्यांनी गोळ्या झेलल्या. तेव्हा पिकवणाऱ्याला आणि विड्या वळणाऱ्या बायकांना दुसरे खात्रीचे उत्पन्न दिल्याशिवाय तंबाखूबंदीच्या गोष्टी करणे अन्यायाचे होईल.

धूम्रपान कमी करण्यासाठी उपदेशापेक्षा खानोलकरांची रीत अधिक उपयोगी पडेल, असे मला वाटते. प्रत्येक दवाखान्यात तंबाखूची चौकशी व्हावी, आणि सोडू पाहणाऱ्याला त्याच जागी मदत मिळावी. १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर ती विनामूल्य मिळते. विडी-सिगारेट सुटी विकणे थांबावे, विडीवरील करही सिगारेटच्या बरोबरीला यावा. शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांच्या आत विक्रीला कायद्याने मनाई आहेच. ती आपल्या फाटकाबाहेर पाळली जाते का, हे पाहणे आपल्याही हाती आहे. आणि हिशेबच करायचा तर रोजचे २० रुपये धरले, तरी वर्षाला ७,३०० रुपये धुरात जातात. उपचाराचा खर्च त्यात धरलेला नाही.

खानोलकरांनी व्यसनी माणसाला दोष दिला नाही. त्याची सवय नीट विचारून घेतली आणि टिपून ठेवली. त्यांनी खतावणी लिहून ठेवली आहे. ती वाचून शिल्लक वाढवायची की तोटा, हे मात्र आपणच ठरवायचे आहे.