मोंमार्त्रच्या टेकडीवरचा पियानोवादक

पॅरिस शहराच्या उत्तरेस मोंमार्त्र नावाची सुमारे १३० मीटर उंचीची एक टेकडी आहे. मोडलेला हात सांधण्यासाठी डॉक्टर जे प्लास्टर घालतात, त्याला पॅरिसचे प्लास्टर म्हणतात. हे नाव या टेकडीच्या पोटातील जिप्समच्या खाणींमुळे पडले. १८६० पर्यंत मोंमार्त्र हे शहराच्या वेशीबाहेरचे खेडे होते. माथ्यावर पवनचक्क्या फिरत, उतारावर द्राक्षांचे मळे असत. शहराची जकात तेथे लागू नसल्यामुळे द्राक्षमद्य स्वस्त मिळे आणि घरभाडेही थोडे असे. साहजिकच, ज्यांच्या अंगी कला पुष्कळ परंतु गाठीस पैसा नाही, असे लोक या टेकडीच्या आश्रयास येऊ लागले. प्रसिद्ध संगीतकार बेर्लिओझ १८३४ साली येथे संसार थाटून राहिला होता, आणि शोपँ व लिस्त हे त्याचे मित्र चढण चढून त्याच्याकडे येत असत. पुढे चित्रकार आले, कवी आले. १८८७ साली या टेकडीच्या पायथ्याशी एका एकवीस वर्षांच्या तरुणाने खोली घेतली. त्याचे नाव एरिक साती.

एरिकचा जन्म १७ मे १८६६ रोजी नॉर्मंडी प्रांतातील ओंफ्लर या बंदराच्या गावी झाला. तो सहा वर्षांचा असताना आई वारली, आणि त्याला आजी-आजोबांकडे ठेवण्यात आले. गावातील चर्चच्या ऑर्गनवादकाने त्याला संगीताचे पहिले धडे दिले. बारा वर्षांचा झाला तोच आजीही गेली. तेव्हा तो पॅरिसला वडिलांकडे आला. सावत्र आई स्वतः पियानोची शिक्षिका होती. तिच्या आग्रहाने १८७९ साली त्याचे नाव सरकारी संगीत विद्यालयात घातले गेले. परंतु तेथील शिस्त त्याला मानवली नाही. मुलाला देणगी आहे, पण हा कमालीचा आळशी आहे, असा शेरा शिक्षकांनी मारला. १८८२ साली त्याचे नाव कमी करण्यात आले. तीन वर्षांनी पुन्हा प्रवेश मिळाला, तरी शिक्षकांचे मत बदलले नाही. अखेर कंटाळून तो सैन्यात शिरला, आणि तेथेही वर्षभरात विटला. सुटका व्हावी म्हणून हिवाळ्याच्या रात्री उघड्या छातीने थंडीत उभे राहून त्याने मुद्दाम आजार ओढवून घेतला. ही युक्ती शहाणपणाची नव्हती, ती जिवावर बेतली असती; पण सैन्यातून तो सुटला खरा.

मोंमार्त्रला तेव्हा ‘काळे मांजर’ या अर्थाच्या नावाचे एक पानगृह फार गाजत होते. ते १८८१ साली निघाले होते. तेथे कवी आपल्या कविता म्हणत, गवई थट्टेची गाणी गात, आणि जस्ताच्या पत्र्याच्या आकृती कापून पडद्यावर छायानाट्ये दाखविली जात. त्या छायानाट्यांना साथ करण्यासाठी पियानोवादक हवा असे. विद्यालयाने नाकारलेल्या सातीला हे काम मिळाले. रात्री उशिरापर्यंत धुराने भरलेल्या दालनात तो वाजवीत बसे. या कामाची त्याला पुढे लाज वाटे आणि ते हलके आहे असे तो म्हणे; तथापि थोड्या स्वरांत मोठा परिणाम कसा साधावा, हे तो येथेच शिकला असावा.

कारण १८८८ साली याच टेकडीच्या सहवासात त्याने ‘जिम्नोपेदी’ नावाच्या तीन लहान रचना लिहिल्या. त्या काळी युरोपात प्रचंड वाद्यवृंदाच्या, गडगडाटी संगीताची चलती होती. सातीने त्याच्या अगदी उलट केले. डाव्या हाताने एक खर्जाचा स्वर, मागोमाग एक मृदू स्वरमेळ, पुन्हा खर्ज, पुन्हा स्वरमेळ. आणि त्यावर उजव्या हाताने एक संथ, एकाकी चाल. कोठेही घाई नाही, कोठेही करामत नाही. पियानो शिकणाऱ्या मुलालाही त्या वाजविता येतात, आणि आज जगभर त्या वाजविल्या जातात. तेव्हा मात्र फारच थोड्यांनी त्यांकडे लक्ष दिले.

१८९० साली साती टेकडीच्या माथ्यानजीक कोर्तो नावाच्या गल्लीत राहावयास गेला. खोली उंचावर होती, आणि तेथून थेट बेल्जियमची सीमा दिसते, असे तो गमतीने सांगे. दुसऱ्या एका पानगृहात वाजवीत असताना त्याची क्लोद दब्युसी या तरुण संगीतकाराशी ओळख झाली. दब्युसी मानाचा पुरस्कार मिळविलेला, साती विद्यालयातून हाकललेला. तरी दोघांची घट्ट मैत्री जमली. एकेकाळी सर्कशीत कसरती करणारी आणि पुढे चित्रकार झालेली स्युझान व्हालादों हिने १८९३ साली सातीचे चित्र काढले. वारशाने थोडे पैसे हाती येताच साती महाशयांनी काय करावे? एकाच घाटाचे सात मखमली पोशाख एकदम शिवून घेतले! पैसे लवकरच संपले. १८९६ साली त्याच घरात त्याला इतकी लहान खोली घ्यावी लागली की, तिला तो कपाटच म्हणत असे. पुढच्याच वर्षी दब्युसीने वाद्यवृंदासाठी बांधलेल्या दोन जिम्नोपेदी पॅरिसच्या श्रोत्यांनी ऐकल्या; परंतु त्याने सातीचे दैन्य फिटले नाही.

१८९८ साली टेकडीवरचे भाडेही परवडेना, म्हणून तो शहराच्या दक्षिणेस आर्केय या कामगारवस्तीत गेला. पोटाचा धंदा मात्र मोंमार्त्रलाच राहिला. आता अंतर सुमारे दहा किलोमीटर! साती ते पायी तोडी. हाती छत्री, डोक्यास टोपी; पाऊस असो वा थंडी, संपूर्ण शहर ओलांडून तो टेकडीवर जाई आणि पुष्कळदा मध्यरात्रीनंतर पायीच परते. वाटेत काही सुचले की रस्त्यावरच्या दिव्याखाली थांबून टिपून घेई.

त्याचे संगीत ऐकून कित्येक लोक हसत. याला नियम ठाऊक नाहीत, म्हणून हा चमत्कारिक लिहितो, असे म्हणत. हा आक्षेप सातीच्या मनाला लागला. १९०५ साली, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, त्याने स्कोला कान्तोरम या संगीतशाळेत नाव घातले. दब्युसीने त्याला परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. त्याचे एक शिक्षक रुसेल हे त्याच्याहून तीन वर्षांनी लहान होते! लहानपणी आळशी ठरलेला हा विद्यार्थी आता विशीतल्या मुलांच्या शेजारी बसून निमूटपणे अभ्यास गिरवू लागला. १९०८ साली तो उत्तम शेऱ्यासह पदविका मिळवून बाहेर पडला. त्याच सुमारास आर्केयच्या गरीब मुलांना तो संगीत शिकवी आणि सुट्टीच्या दिवशी सहलीस नेई. या कामाबद्दल १९०९ साली त्याला सरकारी सन्मान मिळाला.

मग १९११ साली मोरिस राव्हेल या तरुण संगीतकाराने सातीच्या जुन्या रचना एका मैफलीत स्वतः वाजविल्या. त्यांतील एक चोवीस वर्षांपूर्वीची होती. काळाच्या पुढे असलेला हा माणूस कोण, अशी चौकशी सुरू झाली. प्रकाशक दारी येऊ लागले. १९१७ साली ‘पराद’ या नृत्यनाट्याचे संगीत त्याने केले. त्याचे नेपथ्य पिकासोचे होते, आणि त्यात टंकलेखन यंत्राचा व पिस्तुलाचा आवाज होता. त्यावर मोठेच वादळ उठले. एका टीकाकाराला सातीने इतकी अपमानकारक पत्रे लिहिली की, न्यायालयाने त्याला आठ दिवसांची कैद सुनावली. ती प्रत्यक्ष भोगावी लागली नाही, एवढेच.

टेकडीवरच्या रात्रींनी त्याला मद्याचेही व्यसन लावले होते. त्याने यकृत बिघडून १ जुलै १९२५ रोजी तो वारला. आर्केयच्या त्याच्या खोलीत सत्तावीस वर्षांत एकाही मित्राने पाऊल टाकले नव्हते. आता दार उघडण्यात आले. आत धूळ, ढीगभर छत्र्या, न फोडलेली पत्रे, जुने मखमली पोशाख आणि मोडके पियानो होते. आपल्या एका मूकनाट्याचे हस्तलिखित कोठेतरी हरवले, असे साती वर्षानुवर्षे समजत होता. तेही त्याच खोलीत सापडले, आणि १९२६ साली ते संगीत पॅरिसच्या रंगमंचावर वाजले.