सेवेपूर्वीची सहा वर्षे
(पंडिता रमाबाईंच्या परदेशातील शिक्षणाची कथा)

पंडिता रमाबाईंचे नाव उच्चारताच केडगावचे मुक्ती मिशन आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. दुष्काळातून वाचविलेल्या मुली, छापखाना, शेतमळे, प्रार्थनामंदिर आणि शुभ्र वस्त्रे परिधान केलेली त्यांची शांत मूर्ती हे चित्र मराठी ख्रिस्ती घरांत पिढ्यान्‌पिढ्या परिचयाचे आहे. परंतु हे कार्य उभारण्यापूर्वी प्रभूने आपल्या या सेविकेला कोणत्या शाळेत घातले, हे तितकेसे सांगितले जात नाही. 1883 ते 1889 ही सहा वर्षे रमाबाई परदेशात होत्या. त्यांपैकी पहिली सुमारे तीन वर्षे इंग्लंडमध्ये आणि पुढची अमेरिकेत गेली. सेवेची तयारी म्हणजे नेमके काय, हा प्रश्न ज्यांना पडला असेल त्यांनी ही सहा वर्षे अवश्य अभ्यासावीत.

वाटसरूंचे घर

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी सह्याद्रीच्या रांगेतील गंगामूळ येथील अरण्यात झाला. हा प्रदेश आज कर्नाटक राज्यात आहे. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. त्यांनी पुण्यात शिक्षण घेतले आणि पुढे म्हैसूरच्या राजाच्या आश्रयाला राहून मानसन्मान मिळविला. स्त्रियांनी संस्कृत शिकावे, हा त्यांचा ध्यास होता. पत्नी लक्ष्मीबाईंना त्यांनी स्वतः संस्कृत शिकविले आणि शास्त्री मंडळींचा रोष पत्करला. रमाबाईंचे पहिले गुरुकुल म्हणजे आईची मांडी. पुढे हे कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत देशभर हिंडू लागले. 1870 नंतरच्या दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण यांचे निधन झाले. रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवासशास्त्री पायी भटकत 1878 साली कलकत्त्यास पोहोचले. तेथील पंडितांनी या वीस वर्षांच्या तरुणीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या देऊन गौरविले.

पण गौरवाच्या मागोमाग दुःखही आले. 1880 साली बंधू वारले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जातीबाहेरचा हा विवाह त्या काळी मोठे धाडस होते. सिल्चर येथील घरात पतीच्या ग्रंथसंग्रहात त्यांना बंगाली भाषेतील लूककृत शुभवर्तमान सापडले, आणि त्यांच्या मनात पहिले बी पडले. 1881 साली कन्या मनोरमा जन्मली आणि 1882 च्या फेब्रुवारीत पतीला पटकीने ओढून नेले. वयाच्या चोविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या. तान्ह्या मुलीला घेऊन त्या पुण्यास आल्या.

शिकण्याची तळमळ

पुण्यात 1882 साली त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली. त्याच वर्षी शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे त्यांची साक्ष झाली. स्त्रियांसाठी स्त्री शिक्षक हवेत आणि स्त्री डॉक्टर हवेत, असा त्यांचा आग्रह होता. दुसऱ्यांसाठी जे मागितले ते प्रथम आपण शिकावे, या विचाराने त्यांनी स्वतः वैद्यकशास्त्राचा अभ्यास करण्याचे ठरविले. पुण्यातील मिशनरी स्त्रियांकडून त्या इंग्रजी शिकू लागल्या. फादर नेहेम्या गोऱ्हे यांच्याशीही त्यांचा परिचय झाला. काशीच्या ब्राह्मण विद्वत्तेत मुरलेले आणि ख्रिस्ताकडे वळलेले हे मराठी गृहस्थ त्यांच्या शंका ओळखू शकत होते.

विलायतेला जाण्यासाठी पैसा कोठून आणावा? रमाबाईंनी ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले आणि त्याच्या विक्रीतून प्रवासखर्च उभा केला. इंग्लंडमधील निवासाची सोयही त्यांनी परतफेडीच्या अटीवर स्वीकारली. वाँटेज येथील सेंट मेरी द व्हर्जिन या संघाच्या धर्मभगिनींचे पुण्यात पंचहौद येथे कार्य होते. भारतात येऊ इच्छिणाऱ्या भगिनींना रमाबाईंनी मराठी शिकवावे आणि त्या बदल्यात त्यांना निवास, भोजन व इंग्रजीचे शिक्षण मिळावे, अशी व्यवस्था झाली. भिक्षेची ओंजळ पुढे करून त्या समुद्र ओलांडणार नव्हत्या. 20 एप्रिल 1883 रोजी नुकतीच दोन वर्षांची झालेली मनोरमा आणि मैत्रीण आनंदीबाई भगत यांच्यासह त्या मुंबईहून निघाल्या.

वाँटेजचे दिवस

मे महिन्यात त्या वाँटेजला पोहोचल्या. लहानसे गाव, भगिनींचा शिस्तबद्ध दिनक्रम, प्रार्थनेच्या ठरलेल्या वेळा, थंड हवा आणि अनोळखी अन्न. रमाबाई शाकाहारीच राहिल्या. काही भगिनींना यात जातीचा जुना अभिमान दिसला. रमाबाईंना मात्र ख्रिस्ताकडे येण्यासाठी आपल्या देशाच्या चालीरीती टाकून द्याव्या लागतात, असे मुळीच वाटत नव्हते.

त्या उन्हाळ्यात त्यांना लंडनमधील फुलहॅम येथे पाठविण्यात आले. तेथे धर्मभगिनींनी चालविलेले पतित स्त्रियांचे आश्रयगृह त्यांनी पाहिले. ज्यांना समाजाने दाराबाहेर लोटले होते, त्याच स्त्रिया आता आजाऱ्यांची शुश्रूषा करीत होत्या. ज्या शास्त्रांत रमाबाई लहानपणापासून वाढल्या, त्यांत अशा स्त्रीसाठी शिक्षा होती. येथे तिच्यासाठी घर होते. हे कशामुळे घडते, असे त्यांनी विचारले, तेव्हा एका भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानातील चौथा अध्याय काढून शोमरोनी स्त्रीची कथा त्यांना वाचून दाखविली. पंडितांशी वादविवाद करणाऱ्या या विदुषीला विहिरीकाठी बसलेल्या तारणाऱ्याने जिंकले. गोऱ्हे यांनी भारतातून पाठविलेल्या लिखाणानेही त्यांच्या बुद्धीच्या अडचणी दूर झाल्या.

याच काळात एक भयंकर घटना घडली. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांना आपल्याला बळाने ख्रिस्ती करतील, या भीतीने ग्रासले होते. या मानसिक क्लेशात त्यांनी विष घेऊन आपला अंत करून घेतला. परक्या देशात एकुलती एक मराठी सोबतीण अशी गेल्यावर रमाबाईंच्या मनाचे काय झाले असेल, याची कल्पनाच केलेली बरी. परदेशगमनाची ही किंमत आपण विसरता कामा नये. एकाच घरात, एकाच प्रेमळ वातावरणात एकीला जीवन दिसले आणि दुसरीला भय. सुवार्ता सांगणाऱ्या प्रत्येकाने या कोवळ्या मृत्यूपुढे क्षणभर नतमस्तक व्हावे.

29 सप्टेंबर 1883 रोजी रमाबाई आणि छोटी मनोरमा यांचा बाप्तिस्मा झाला. ही वार्ता पुण्यास पोहोचताच मोठी खळबळ उडाली. ज्यांनी त्यांना डोक्यावर घेतले होते त्यांतील अनेक जण दुरावले. महात्मा जोतीराव फुले यांनी मात्र 1885 साली आपल्या ‘सत्सार’ या नियतकालिकात त्यांची बाजू उचलून धरली.

बंद झालेले दार

रमाबाई डॉक्टर होण्यासाठी विलायतेला गेल्या होत्या. पण त्यांना ऐकू येणे हळूहळू कमी होत गेले. बहिरेपणामुळे वैद्यकीय अभ्यास अशक्य ठरला. ज्या एका हेतूसाठी घर सोडले तो हेतूच मावळला. अशा वेळी निराश होऊन परतणारे कितीतरी असतात. रमाबाई 1884 साली चेल्टनहॅम लेडीज कॉलेजमध्ये दाखल झाल्या. प्राचार्या डोरोथिया बील यांच्या देखरेखीखाली त्या इंग्रजी, गणित आणि निसर्गविज्ञान शिकल्या आणि तेथेच संस्कृत शिकवूही लागल्या. शरीर बरे करण्याची विद्या हातून गेली, पण शाळा चालविण्याची विद्या हाती आली. पुढे शेकडो विधवांना याच विद्येने आसरा दिला. आपण जेथे बंद दार पाहतो तेथे प्रभू कधी कधी भिंतीच्या पलीकडे रस्ता बांधत असतो.

सदसद्विवेकाची कसोटी

चेल्टनहॅमचे दिवस वादाचेही होते. रमाबाईंच्या आध्यात्मिक माता सिस्टर जेराल्डिन यांचे त्यांच्यावर निस्सीम प्रेम होते. पण नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्या व्यक्तीने मंडळीची शिकवण निमूटपणे स्वीकारावी, अशी त्यांची अपेक्षा होती. रमाबाई पवित्र शास्त्र उघडून प्रत्येक गोष्ट पडताळून पाहत. त्रैक्याचा सिद्धान्त, ख्रिस्ताचे देवत्व, मंडळीचा अधिकार यांविषयी त्यांनी बील व जेराल्डिन यांना दीर्घ पत्रे लिहिली. क्रूसावर लॅटिन अक्षरे असतात, मग भारतीयांना जवळची असलेली संस्कृत अक्षरे का असू नयेत, असाही त्यांचा प्रश्न होता.

पुढे आणखी एक वाद उभा राहिला. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही? मुंबई आणि लाहोर येथील बिशपांनी याला हरकत घेतली. याने भारतात त्यांचे वजन कमी होईल, असे त्यांना वाटत होते. ज्या स्त्रीने कलकत्त्यात विद्वान पुरुषांच्या सभा गाजविल्या होत्या, तिच्याविषयी हा निर्णय तिला न विचारता होत होता. रमाबाईंनी आपला विरोध स्पष्टपणे कळविला. मोठ्या कष्टाने मिळविलेले स्वातंत्र्य त्या कोणाही माणसाच्या हवाली करणार नव्हत्या.

येथे दोन्ही बाजूंचा न्यायाने विचार करावा. धर्मभगिनींनी एका परक्या विधवेला व तिच्या लेकराला घर दिले, तिच्यासाठी अश्रू ढाळले, प्रार्थना केली. हे ऋण रमाबाईंनी नाकारले नाही. पण कृतज्ञता म्हणजे विवेक गहाण ठेवणे नव्हे, हेही त्यांनी जाणले. त्यांच्या काही शंका अपुऱ्या ज्ञानातून आलेल्या होत्या, असे आज आपण म्हणू शकतो. तरी शंका लपवून वरवर होकार देणारी रमाबाई पुढे केडगावच्या कार्याचा भार पेलू शकली असती काय? उलट, शंकांशी प्रामाणिक राहिल्यामुळेच ती वाट अखेर विश्वासाकडे वळली. पुढे 1891 च्या सुमारास त्यांना तारणाचा व्यक्तिगत अनुभव आला, तेव्हा आपल्याला इतकी वर्षे ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण स्वतः ख्रिस्त मिळाला नव्हता, असे त्यांना कळून आले. बाप्तिस्म्यापासून या अनुभवापर्यंत आठ वर्षे गेली. देवाला घाई नव्हती.

अमेरिकेतील शिक्षण

1886 च्या प्रारंभी रमाबाई अमेरिकेला गेल्या. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात आनंदीबाई जोशी यांना मार्च महिन्यात पदवी मिळणार होती. जी पदवी रमाबाईंना मिळू शकली नाही ती एका मराठी भगिनीला मिळताना त्यांनी डोळे भरून पाहिली. पुढच्याच वर्षी, 26 फेब्रुवारी 1887 रोजी, आनंदीबाईंचे पुण्यात निधन झाले. त्याच वर्षी रमाबाईंचे भारतातील उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीविषयीचे इंग्रजी पुस्तक अमेरिकेत प्रसिद्ध झाले. ते त्यांनी आपल्या आई लक्ष्मीबाई यांच्या स्मृतीस अर्पण केले आणि महाविद्यालयाच्या प्रमुख रेचल बॉडली यांनी त्याला प्रस्तावना लिहिली.

काही महिन्यांचा हा मुक्काम जवळजवळ तीन वर्षांचा झाला. रमाबाईंनी फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचे प्रशिक्षण घेतले. शाळा, अनाथगृहे, स्त्रियांच्या संघटना त्यांनी बारकाईने पाहिल्या आणि गावोगावी व्याख्याने दिली. 1887 च्या डिसेंबरात बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाले आणि विधवांच्या शाळेला दहा वर्षे साहाय्य करण्याचे ठरले. शाळेत कोणावर धर्माची सक्ती होणार नव्हती. आनंदीबाई भगतची आठवण ज्यांच्या हृदयात होती, त्या रमाबाईंना या अटीचे मोल कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

पेरणी आणि पीक

1889 साली रमाबाई जपानमार्गे मायदेशी परतल्या आणि 11 मार्च रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडले. तेथे प्रथम आलेली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई हिचा पुढे 1893 साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला. 1890 साली शाळा पुण्यास गेली. रमाबाई आपल्या खोलीचे दार उघडे ठेवून प्रार्थना करीत. काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. यावरून 1893 साली मोठे वादळ उठले. सल्लागार मंडळातील मान्यवरांनी राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. परंतु बिशपांपुढे न डगमगलेली ही स्त्री सुधारकांपुढेही डगमगली नाही. सक्ती करणार नाही आणि विश्वास लपविणारही नाही, ही तिची भूमिका इंग्लंडमध्येच पक्की झाली होती.

1896-97 च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली वाचवून आणल्या. स्वतः दुष्काळात आईवडील गमावलेल्या मुलीला उपाशी डोळ्यांची ओळख होतीच. केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभे राहिले. मनोरमाही परदेशात शिकून आईच्या मदतीला आली आणि 1921 साली तिचे निधन होईपर्यंत सेवेत राहिली.

आयुष्याच्या उत्तरार्धात रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषा शिकून सबंध पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर केले. खेड्यातील अल्पशिक्षित बाईलाही समजेल अशी सोपी भाषा हा त्यांचा नियम होता. क्रूसावरील परकी अक्षरे जिला खटकली होती, तिने अखेर आपल्या भगिनींच्या हाती त्यांच्या भाषेतले वचन दिले. 5 एप्रिल 1922 रोजी त्या प्रभूमध्ये निद्रिस्त झाल्या. संपूर्ण बायबल 1924 साली प्रसिद्ध झाले.

आपल्यासाठी

आजही आपल्या मंडळ्यांतून तरुण-तरुणी उच्च शिक्षणासाठी, ईश्वरज्ञानाच्या अभ्यासासाठी दूरदेशी जातात. आईवडील प्रार्थनेने त्यांची पाठवणी करतात आणि ते पदवी घेऊन परत यावेत, अशी अपेक्षा ठेवतात. रमाबाई कोणतीही मोठी पदवी न घेता परतल्या. ज्या विद्येसाठी गेल्या ती त्यांना मिळाली नाही. त्यांनी एक सखी गमावली, जुने मित्र गमावले, श्रवणशक्ती गमावली. पण आपली भाषा, आपल्या लोकांविषयीची कळवळ आणि देवापुढे मोकळा विवेक या तीन गोष्टी त्यांनी गमावल्या नाहीत. प्रभूने केडगाव उभारले ते याच तीन गोष्टींवर.

जाणाऱ्यांना निरोप देताना आपण त्यांच्या यशासाठी प्रार्थना करतो, ती करावीच. त्याबरोबर त्यांच्या प्रश्नांसाठीही प्रार्थना करावी. आणि ते परत आल्यावर आपल्याला न पटणारे काही बोलले, तर त्यांना वाँटेजच्या भगिनींनी दिले तसे प्रेम द्यावे, आणि त्याहून थोडा अधिक धीर.