टांकसाळीतील संशोधक : जेम्स प्रिन्सेप

हुगळीच्या तीरी, विद्यासागर सेतूच्या लगत, उंच स्तंभांची एक देखणी वास्तू उभी आहे. तिला प्रिन्सेप घाट म्हणतात. नोकरीच्या निमित्ताने कोलकात्यास येऊन राहिलेल्या आपल्या मंडळींपैकी पाहुण्यांना तेथे फिरावयास नेले नाही असा गृहस्थ विरळाच. आम्हीही अनेकदा नेले. परंतु हे प्रिन्सेप कोण, असे एका लहानग्या पाहुणीने विचारले तेव्हा आम्हांस उत्तर देता येईना. त्या संकोचापोटी जे वाचन घडले, त्याचे सार मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत.

जेम्स प्रिन्सेप यांचा जन्म २० ऑगस्ट १७९९ रोजी इंग्लंडमध्ये झाला. वडील जॉन प्रिन्सेप यांनी हिंदुस्थानात येऊन निळीच्या व्यापारात संपत्ती मिळविली होती. जेम्स यांचा ओढा वास्तुकलेकडे होता व त्या विद्येचे शिक्षणही त्यांनी आरंभिले होते. पण दृष्टी अधू झाल्याने तो मार्ग सोडावा लागला. मग लंडनच्या टांकसाळीत धातूंचा कस पाहण्याचे शिक्षण घेऊन, वयाच्या विसाव्या वर्षी, १८१९ मध्ये ते कलकत्त्याच्या टांकसाळीत रुजू झाले. तेथील त्यांचे वरिष्ठ संस्कृतचे प्रसिद्ध पंडित होरेस हेमन विल्सन हे होते.

वर्षभरातच प्रिन्सेप यांची बदली काशीच्या टांकसाळीत अ‍ॅसे मास्टर, म्हणजे नाण्यातील सोन्यारुप्याचा कस ठरविणारा अधिकारी, म्हणून झाली. १८३० मध्ये ती टांकसाळ बंद होईपर्यंत ते काशीतच होते. या दहा वर्षांत त्यांनी कचेरीच्या कामाखेरीज जे केले, ते पाहिले म्हणजे मन थक्क होते. काशीचा नकाशा त्यांनी तयार केला, शिरगणती केली, साचलेल्या तळ्यांचे पाणी वाहून जावे म्हणून भूमिगत बोगदा बांधविला, कर्मनाशा नदीवर पूल उभारला आणि पंचगंगा घाटावरील औरंगजेबाच्या मशिदीचे खचत चाललेले मिनार सावरले. ज्या वास्तुकलेला ते मुकले होते, तिचे ऋण त्यांनी असे फेडले. भट्टीतील प्रखर उष्णता मोजण्यासंबंधीच्या त्यांच्या निबंधामुळे १८२८ मध्ये त्यांना रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले. ग्रेनच्या तीन सहस्रांशांइतका सूक्ष्म फरक दाखविणारा तराजूही त्यांनी सिद्ध केला होता.

१८३२ मध्ये विल्सन इंग्लंडला परतले आणि कलकत्त्याच्या टांकसाळीतील त्यांचे पद व एशियाटिक सोसायटीचे चिटणीसपद, ही दोन्ही प्रिन्सेप यांच्याकडे आली. त्या काळी देशात रुपयांची बजबजपुरी होती. सिक्का, फर्रुखाबादी, अर्काटी, आपल्याकडे अंकुशी आणि चांदवडी. प्रत्येकाचे वजन निराळे, कस निराळा, आणि प्रत्येक बदल्यात सराफाचा बट्टा ठरलेला. कंपनीच्या मुलखात एकच नाणे चालावे असा प्रिन्सेप यांचा आग्रह होता. १८३५ मध्ये १८० ग्रेन वजनाचा कंपनीचा एकसमान रुपया निघाला, त्यात त्यांचा वाटा मोठा होता.

परंतु याच सुधारणेची दुसरी बाजू विचार करण्याजोगी आहे. नवे नाणे पाडावयाचे म्हणजे जुने वितळवावयाचे. टांकसाळीला नाणे म्हणजे अमुक वजनाची, अमुक कसाची चांदी. त्यावर कोणाचे नाव आहे याच्याशी भट्टीला कर्तव्य नसते. प्रिन्सेप यांची उपजीविका अशा भट्टीवर होती, आणि त्यांनीच नाण्यावरील अक्षरांना धातूपेक्षा अधिक मोल दिले. सोसायटीच्या मासिकातून त्यांनी नाण्यांची चित्रे स्वतः रेखाटून छापली. ती पाहून देशाच्या कानाकोपऱ्यांतून नाणी व शिलालेखांचे ठसे त्यांच्याकडे येऊ लागले. अफगाणिस्तानात चार्ल्स मॅसन हे बेग्रामच्या परिसरात नाणी गोळा करीत होते. तेथील ग्रीक राजांच्या नाण्यांवर एका अंगास ग्रीक, तर दुसऱ्या अंगास खरोष्ठी लेख असे. एका बाजूचे राजनाम दुसऱ्या बाजूस शोधीत शोधीत खरोष्ठीची बरीच अक्षरे उलगडली.

ब्राह्मीचे कोडे याहून कठीण होते. दिल्ली व अलाहाबाद येथील स्तंभांवरील अक्षरे शतकानुशतके लोक पाहत होते. वाचणारा कोणी उरला नव्हता. १८३७ मध्ये सांचीच्या स्तूपाच्या कठड्यावरील लहान लहान लेखांचे ठसे प्रिन्सेप यांच्या हाती आले. ते लावीत असता त्यांच्या लक्षात आले, की बहुतेक लेखांचा शेवट त्याच दोन अक्षरांनी होतो. भाविकांनी दिलेल्या देणग्यांची ती नोंद असावी असा त्यांनी तर्क केला. म्हणजे शेवटचा शब्द दानं असणार. त्या शब्दाच्या आधी वारंवार येणारे अक्षर षष्ठीचे स असले पाहिजे, हे त्यांना सौराष्ट्राच्या क्षत्रपांच्या नाण्यांवरून नुकतेच उमगले होते, कारण त्या नाण्यांवर अमक्या राजाचे, अमक्याच्या पुत्राचे, अशीच वाक्यरचना असते. अशा रीतीने बोटाच्या पेराएवढ्या नाण्याने प्रचंड शिलास्तंभाचे कुलूप उघडले.

त्यानंतर थोड्याच अवधीत स्तंभलेख वाचले गेले. या कामी त्यांना कमलाकांत विद्यालंकार यांच्यासारख्या पंडितांचे साहाय्य होते, हे विसरता कामा नये. लेखांतील देवानांपिय पियदसी हा सिंहलद्वीपाचा राजा असावा असे प्रिन्सेप यांना प्रथम वाटले. सिंहलद्वीपातील जॉर्ज टर्नर यांनी पाली ग्रंथांच्या आधारे तो मगधाचा अशोक असल्याचे दाखविताच त्यांनी आपली चूक मोकळेपणाने सुधारली. १८३८ मध्ये गिरनारच्या लेखात अँटिओकस, टॉलेमी आदी ग्रीक राजांची नावे मिळाली आणि अशोकाचा काळ निश्चित करता आला.

हे सारे टांकसाळीचे काम सांभाळून, रात्रींची झोप मोडून चालले होते. शरीराने अखेर साथ सोडली. १८३८ च्या अखेरीस असह्य डोकेदुखीने जर्जर होऊन ते स्वदेशी निघाले. बुद्धीचे तेज मालवत गेले आणि २२ एप्रिल १८४० रोजी, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी, लंडन येथे त्यांचा अंत झाला. त्यांचा नाण्यांचा संग्रह १८४७ मध्ये ब्रिटिश म्युझियमने घेतला. कलकत्तेकरांनी त्यांच्या स्मरणार्थ तो घाट बांधला. त्यांचे तरुण स्नेही अलेक्झांडर कनिंगहॅम पुढे पुरातत्त्व खात्याचे पहिले प्रमुख झाले.

या विद्येचे ऋण आपल्या महाराष्ट्रावरही आहे. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १३,००० हून अधिक चांदीची नाणी सापडली. ती क्षहरात नहपानाची. पण सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला. नहपानाचा पराभव होऊन त्याचा मुलूख कोणाकडे गेला, याचा इतका बोलका पुरावा दुसरा नाही. ते हंडे एखाद्या सोनाराच्या मुशीत गेले असते, तर?

हा प्रश्न आम्हांस बोचतो, त्यास कारण आहे. आमच्या आजीच्या पितळी डब्यात शिवराया होत्या. एका दिवाळीस नवी घागर घ्यावयाची म्हणून त्या तांबटाला वजनावर मोडीत दिल्या गेल्या. डबा उचलून नेणारे आम्हीच होतो. वय दहा-अकरा वर्षांचे. डबा जड आहे एवढेच तेव्हा कळले. त्यांवर काय कोरले होते, हे आम्ही एकदाही उलटून पाहिले नाही.

आपल्यापैकी अनेकांची घरे आजही गावाकडे आहेत. तेथील देवघरात किंवा अडगळीच्या पेटीत जुने नाणे आढळल्यास ते चिंचेने घासून उजळू नये, मोडीत तर मुळीच काढू नये. जमिनीत पुरलेले धन सापडल्यास १८७८ च्या निखात निधी कायद्यान्वये जिल्हाधिकाऱ्यास कळवावे. आणि पुढच्या खेपेस प्रिन्सेप घाटावर पाहुण्यांना न्याल, तेव्हा नौकाविहारापूर्वी या टांकसाळीतील अधिकाऱ्याची कथा त्यांना अवश्य सांगावी. आम्ही त्या लहानग्या पाहुणीला ती पत्राने कळविली आहे.