पक्ष्यांचे टिपणकार : ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम

ब्राह्मणपारा ही रायपूर शहरातील एक जुनी वस्ती आहे. छत्तीसगडी बोलीत ‘पारा’ म्हणजे मोहल्ला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. त्यामुळे मराठी भाषेला येथे जुनी ओळख आहे. अशा जुन्या वस्त्यांमध्ये झाडांच्या ढोलीत किंवा पडक्या भिंतींच्या खबदाडीत राहणारा आणि दिवेलागणीला कर्कश ओरडणारा पिंगळा बहुतेकांच्या परिचयाचा असतो. याच पिंगळ्याचा एक दुर्मीळ भाऊबंद आहे. त्याचे नाव वनपिंगळा. हा पक्षी शास्त्राला प्रथम ज्ञात झाला तो रायपूरच्या पूर्वेकडील जंगलातून. १८७२ साली बसना-फुलझर या भागात एफ. आर. ब्लूइट यांना त्याचा नमुना मिळाला. पुढच्याच वर्षी त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले आणि त्याला ब्लूइट यांचे नाव देण्यात आले. हे वर्णन करणारे गृहस्थ म्हणजे ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. भारतीय राष्ट्रीय काँग्रेसच्या संस्थापकांपैकी एक म्हणून इतिहासाला त्यांची ओळख आहे. पण त्यांच्या आयुष्याची दुसरी बाजूही तेवढीच मोठी आहे.

ह्यूम यांचा जन्म १८२९ साली इंग्लंडमध्ये झाला. त्यांचे वडील जोसेफ ह्यूम हे सुधारणावादी विचारांचे संसदसदस्य होते. अन्यायाविषयीची चीड आणि सामान्य माणसाविषयीची कळकळ हा वारसा ॲलन यांना घरातच मिळाला. ईस्ट इंडिया कंपनीच्या हेलीबरी येथील महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. काही काळ त्यांनी वैद्यकाचाही अभ्यास केला. १८४९ साली ते भारतात आले आणि काही वर्षांनी आजच्या उत्तर प्रदेशातील इटावा जिल्ह्याचे प्रमुख अधिकारी झाले. तेथे त्यांनी मोफत प्राथमिक शिक्षणाचा उपक्रम सुरू केला व थोड्याच काळात शंभराहून अधिक शाळा उघडल्या. पक्ष्यांचे नमुने जमवण्याचा छंदही त्यांना होता. १८५७ च्या उठावात त्यांना आग्र्याच्या किल्ल्याचा आश्रय घ्यावा लागला आणि त्यांचा पहिला पक्षिसंग्रह नष्ट झाला. परिस्थिती निवळताच त्यांनी तो पुन्हा शून्यापासून उभारण्यास प्रारंभ केला.

त्या काळी भारतातील पक्ष्यांची माहिती विस्कळीत होती. कोणता पक्षी कोणत्या प्रदेशात राहतो, काय खातो, घरटे कोठे बांधतो, याच्या नोंदी फार थोड्या होत्या. एवढा विस्तीर्ण देश एकट्या माणसाला पाहता येणार नाही, हे ह्यूम यांनी ओळखले. देशभर विखुरलेल्या सरकारी अधिकाऱ्यांशी त्यांनी पत्रव्यवहार सुरू केला. जंगल खात्यातील, लष्करातील, महसूल खात्यातील अनेक हौशी निरीक्षक त्यांना नमुने आणि टिपणे पाठवू लागले. ब्लूइट हे त्यांपैकीच एक होते. या सर्वांची निरीक्षणे एकत्र यावीत म्हणून १८७२ साली ह्यूम यांनी ‘स्ट्रे फेदर्स’ हे नियतकालिक सुरू केले. प्रत्येक नमुन्याला एक चिठ्ठी बांधलेली असे. तो कोणी, कोठे आणि केव्हा मिळवला, हे त्या चिठ्ठीवर लिहिलेले असे. ही लहानशी चिठ्ठीच पुढे फार मोलाची ठरणार होती.

सरकारी कामातून सवड काढून ह्यूम यांनी स्वतः दूरदूरचे प्रवास केले. सिंधचे वाळवंटी प्रदेश, अंदमान-निकोबार व लक्षद्वीपची बेटे आणि मणिपूरचे डोंगर त्यांनी पाहिले. प्रदेश बदलला की पक्षी बदलतो, याचा प्रत्यय त्यांना प्रत्येक प्रवासात आला. अंदमान समुद्रातील नारकोंडम या चिमुकल्या बेटावरील धनेशाचे वर्णन त्यांनी १८७३ साली केले. फळांवर जगणारा हा पक्षी त्या एका बेटाखेरीज जगात इतरत्र कोठेही आढळत नाही. तिबेटच्या उघड्या पठारावरील एका लहान पक्ष्याचेही त्यांनी वर्णन केले. त्या प्रदेशात झाडेच नाहीत. म्हणून तो जमिनीवर किडे शोधतो आणि बिळात घरटे करतो. मणिपूरच्या उंच, ओलसर गवतात त्यांना एक लहान लावा मिळाला. ते गवत नाहीसे होत गेले तसा तोही दुर्मीळ झाला आणि आज तो संकटग्रस्त पक्ष्यांत गणला जातो. मणिपुरातच मिळालेल्या एका देखण्या रानपक्ष्याला त्यांनी आपल्या पत्नीचे नाव दिले. आज तो मणिपूर आणि मिझोराम या दोन्ही राज्यांचा राज्यपक्षी आहे.

सरकारी सेवेत ह्यूम यांचा मार्ग मात्र सुखाचा नव्हता. १८७१ पासून ते केंद्र सरकारच्या महसूल, कृषी व व्यापार खात्याचे सचिव होते. शेतकऱ्यांच्या दुःस्थितीविषयी ते परखडपणे लिहीत व वरिष्ठांच्या धोरणांवर टीका करीत. त्याचा परिणाम म्हणून १८७९ साली त्यांना सचिवपदावरून दूर करण्यात आले. १८८२ साली त्यांनी सरकारी सेवा सोडली. आता भारतीय पक्ष्यांवरील मोठा ग्रंथ पूर्ण करावा, असे त्यांच्या मनात होते. सिमल्यातील त्यांच्या घरी पाव शतकाची टिपणे साठली होती.

आणि तेथेच घात झाला. हिवाळ्यात ते सिमल्याबाहेर गेले असता घरातील एका नोकराने ती सारी हस्तलिखिते बाजारात रद्दी म्हणून विकून टाकली. परत आल्यावर ह्यूम यांना हे कळले, तेव्हा फार उशीर झाला होता. असंख्य निरीक्षणे पुड्या बांधण्याच्या कामी गेली होती. ग्रंथाचा संकल्प मोडला. त्याच सुमारास त्यांच्या विचारांतही पालट होत होता. ते शाकाहारी झाले होते आणि पक्षी मारून नमुने जमवणे त्यांना नकोसे झाले होते. १८८५ साली त्यांनी आपला संपूर्ण संग्रह ब्रिटिश म्युझियमला दान केला. त्यात पक्ष्यांचे सुमारे ८२,००० नमुने होते.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात भारतीय राष्ट्रीय काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले. ते पुण्यात व्हायचे होते; परंतु तेथे पटकीची साथ आल्याने ऐनवेळी मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत घ्यावे लागले. देशाच्या निरनिराळ्या भागांतून ७२ प्रतिनिधी जमले. दूरदूरच्या माणसांना पत्रांनी जोडून एका कामात गुंतवण्याची जी हातोटी ह्यूम यांनी पक्ष्यांसाठी कमावली होती, ती आता या कार्यासाठी उपयोगी पडली. पुढे अनेक वर्षे ते काँग्रेसचे सरचिटणीस होते. १८९४ साली ते इंग्लंडला परतले, वनस्पतींच्या अभ्यासात रमले आणि १९१२ साली लंडन येथे निवर्तले.

इकडे वनपिंगळ्याचे काय झाले? ब्लूइट यांच्यानंतर खानदेशात जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्यांना त्याचे काही नमुने मिळाले. १८८४ नंतर मात्र तो कोणालाच सापडेना. रिचर्ड मायनर्टझागेन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने आपल्याला तो १९१४ साली गुजरातेत मिळाल्याचा दावा केला होता. त्या नोंदीवर विसंबून अभ्यासक तेथे शोध घेत राहिले आणि विन्मुख परतले. वनपिंगळा नामशेष झाला असावा, असे अनेकांना वाटू लागले. पुढे अमेरिकन संशोधिका पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयातील जुने नमुने बारकाईने तपासले. गुजरातेतील म्हणून दाखवलेला नमुना मुळात डेव्हिडसन यांचा होता. तो चोरून त्याला खोटी चिठ्ठी लावण्यात आली होती. तेव्हा त्यांनी खऱ्या चिठ्ठ्यांवरील स्थळांचा माग घेतला. नोव्हेंबर १९९७ मध्ये खानदेशात शहाद्याजवळच्या सागवनात, भरदिवसा, झाडाच्या उघड्या फांदीवर वनपिंगळा बसलेला दिसला. ११३ वर्षांनी त्याचा पुन्हा शोध लागला होता.

गावातला पिंगळा आणि जंगलातला वनपिंगळा दिसायला जवळजवळ सारखे. पण एक माणसांच्या शेजारी राहतो व मुख्यतः तिन्हीसांजेला आणि रात्री शिकार करतो. दुसरा विरळ सागवनात दिवसाही सरडे, उंदीर व कीटक टिपतो. पहिला सर्वत्र आढळतो. दुसऱ्याचे वन तुटले की त्याला जाण्यास जागा उरत नाही. नंतरच्या वर्षांत मेळघाट, मध्य प्रदेश आणि गुजरातेतही वनपिंगळे आढळले. तरीही तो आजही संकटग्रस्तच आहे. जगात पक्ष्यांच्या सुमारे ११,००० जाती आहेत आणि त्यांतील जवळपास प्रत्येक आठवी जात धोक्यात आहे. त्यांतील कोणाला वाचवायचे, तर तो कोठे राहतो आणि कशावर जगतो, हे आधी माहीत असावे लागते.

ह्यूम यांचा ग्रंथ लिहून झाला नाही. त्यांच्या संग्रहासाठी हजारो पक्ष्यांचे प्राण गेले, हेही विसरता येत नाही. पण ज्या माणसाची टिपणे रद्दीत गेली, त्याच्या संग्रहातील इवल्याशा चिठ्ठ्या मात्र टिकल्या. बसना-फुलझरच्या रानातील एका पक्ष्याची नोंद त्या चिठ्ठ्यांवर प्रामाणिकपणे झाली होती. खोट्या चिठ्ठीने अनेकांची वाट चुकवली आणि खऱ्या चिठ्ठ्यांनी हरवलेला पक्षी शतकानंतर परत मिळवून दिला.