सात आठवड्यांची खातरजमा

अमरावती-अकोल्याकडच्या ज्या घरात कॅन्सरचा पेशंट असतो, त्या घरात ‘शेक’ या साध्या शब्दाला वेगळाच अर्थ येतो. शेक म्हणजे किरणोपचार. अनेकांना तो पाच-सहा आठवडे, आठवड्यातले पाच दिवस घ्यावा लागतो. त्यासाठी कुणी मुंबई गाठतो, कुणी नागपुरात खोली घेऊन राहतो. नागपूरच्या एका कॅन्सर रुग्णालयाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव आहे. मोझरीच्या या संताला १९६८ साली याच रोगाने आपल्यातून नेले.

आतल्या गाठीचा फोटो ज्या किरणांनी निघतो, त्याच जातीच्या पण कितीतरी प्रखर किरणांनी हा शेक दिला जातो. त्यांचा शोध लावणारे विल्हेल्म राँटगेन यांचे चरित्र मला त्यांच्या शोधाइतकेच मोलाचे वाटते.

१८४५ साली जर्मनीतल्या लेनेप गावी कापडाच्या व्यापाऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. बालपण हॉलंडमध्ये गेले. शाळेत कुणीतरी मास्तरांचे व्यंगचित्र काढले. राँटगेन यांनी त्या मुलाचे नाव सांगितले नाही, म्हणून शाळेने त्यांनाच काढून टाकले. विद्यापीठाची वाट बंद झाल्यासारखीच होती. पुढे झुरिकच्या तंत्रशिक्षण संस्थेत प्रवेश मिळाला आणि १८६९ साली ते डॉक्टरेट झाले.

८ नोव्हेंबर १८९५. वुर्त्सबुर्गच्या प्रयोगशाळेत अंधार होता. काळ्या कागदात गुंडाळलेल्या काचेच्या नळीतून वीज सोडली, तर दूरचा रसायन लावलेला पडदा चमकू लागला. दुसरा कुणी असता तर दुसऱ्याच दिवशी गावभर सांगत सुटला असता. राँटगेन गप्प राहिले. नळी आणि पडदा यांच्यामध्ये त्यांनी लाकूड धरले, पुस्तक धरले, निरनिराळे धातू धरून पाहिले. आपल्या डोळ्यांचा तर हा भ्रम नाही ना, याची खात्री करायला फोटोच्या काचा वापरल्या. २२ डिसेंबरला पत्नी बेर्टा यांच्या हाताचा फोटो घेतला. त्यात बोटांची हाडे आणि अंगठी उमटली. २८ डिसेंबरला त्यांनी आपला निबंध सादर केला. या सात आठवड्यांत त्यांनी प्रत्येक शंका स्वतःच काढली आणि स्वतःच तपासली.

१९०१ साली पदार्थविज्ञानाचे पहिलेच नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. त्याची रक्कम त्यांनी विद्यापीठाला देऊन टाकली. किरणांचे पेटंट घेतले नाही, सरदारकीची पदवीही नाकारली. महायुद्धानंतरच्या भयंकर महागाईत त्यांची पुंजी वितळून गेली. १९१९ साली बेर्टा गेल्या. १० फेब्रुवारी १९२३ रोजी म्युनिकमध्ये राँटगेन यांचे निधन झाले, तेही आतड्याच्या कॅन्सरने.

आतडे जागेवर स्थिर नसते. त्यात वायू होतो, शेजारचे मूत्राशय भरते-रिकामे होते आणि काल जिथे गाठ होती तिथे ती आज नसते. म्हणून आता शेक देणाऱ्या यंत्रालाच स्कॅनर जोडलेला असतो. टेबलावर निजलेल्या पेशंटचे त्या दिवशीचे चित्र आधी घ्यायचे आणि मग नेम धरायचा. पण हे चित्र धूसर येते. किरण अंगात शिरून चहूकडे विखुरतात आणि यंत्र सावकाश फिरत असताना पेशंटचा श्वासही चालूच असतो.

ही धूसरता काढण्याचे काम आता संगणक शिकला आहे. डीप लर्निंग म्हणतात त्याला. एकाच पेशंटचे धूसर आणि स्वच्छ चित्र, अशा पुष्कळ जोड्या त्याला दाखवतात. मग नवे धूसर चित्र आले की त्यावरून स्वच्छ चित्र कसे असेल, हे तो काढून देतो. त्यामुळे कमी किरणांत काम भागू शकते आणि त्या दिवशीच्या शरीरावरून शेकाचा हिशेबही करता येतो.

धोका आहे तो याच स्वच्छतेत. संगणक पूर्वी पाहिलेल्या चित्रांच्या आधाराने अंदाज बांधतो. क्वचित नसलेली रेघ तो काढील, असलेला ठिपका पुसून टाकील, आणि चित्र मात्र सुबकच दिसेल. बँकेत चेकवरच्या सह्या पडताळताना, नमुन्याशी तंतोतंत जुळणारी रेखीव सही दिसली की मी अधिक सावध होई. खऱ्या माणसाची सही रोज थोडी हलतेच.

इथे राँटगेन यांचे ते सात आठवडे कामाचे आहेत. नव्या तंत्राने पेशंटचे भले होणार आहे, याबद्दल मला शंका नाही. मात्र सुधारलेल्या चित्राशेजारी मूळ धूसर चित्र ठेवलेच पाहिजे, आणि शेक सुरू करण्यापूर्वी दोन्ही ताडून पाहणारा जाणता माणूस तिथे हवा. टेबलावर निजलेल्या वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला पडद्यावरचे चित्र दिसत नाही. त्याच्या वतीने शंका घेणे हे त्या माणसाचे काम आहे.