राजाच्या छातीत काय फाटलं होतं? १७६० चा एक मृत्यू आणि आजचा इको

छातीत अचानक जोरात दुखलं की आपल्या तोंडात एकच शब्द येतो: अटॅक. अनेकदा तो संशय खराही ठरतो. पण अगदी असंच दुखणं घेऊन आणखी एक आजार येतो, अ‍ॅओर्टिक डिसेक्शन. तो समजून घ्यायला एका राजाची गोष्ट बघूया.

राजा कोण?

इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज. जन्म १६८३, जर्मनीतल्या हॅनोव्हरचा. तो लहान असतानाच आई-वडिलांचा काडीमोड झाला. आईला किल्ल्यात डांबलं गेलं आणि मायलेकरांची पुन्हा भेट झाली नाही. १७२७ मध्ये तो गादीवर बसला. १७४३ मध्ये डेटिंगेनच्या लढाईत तो स्वतः फौजेसोबत उतरला. असं करणारा तो शेवटचा ब्रिटिश राजा.

म्हातारपणी त्याला एका डोळ्याने दिसेना, कानांनाही कमी ऐकू यायचं. काही वर्षांपासून छातीत अस्वस्थ व्हायचं, जीव घाबरायचा. पण वैद्यांच्या हाती होतं काय? नाडी बघायची आणि शिरेतून रक्त काढायचं. साधा स्टेथोस्कोप यायलाही अजून ५६ वर्षं होती.

२५ ऑक्टोबर १७६०. तेव्हा कोल्हापूरच्या गादीवर दुसरे संभाजी महाराज होते आणि पानिपत जेमतेम तीन महिन्यांवर आलं होतं. तिकडे लंडनच्या केन्सिंग्टन राजवाड्यात ७६ वर्षांचा जॉर्ज पहाटे उठला, कपभर चॉकलेट प्यायला आणि शौचाला गेला. थोड्याच वेळात धपकन आवाज आला. नोकर धावला तेव्हा राजा जमिनीवर पडलेला होता. पाठोपाठ तो गेलाच.

राजवैद्य फ्रँक निकोल्स यांनी शव उघडून पाहिलं. हृदयाभोवतीच्या पिशवीत साधारण अर्धा लिटर रक्त गोठलं होतं. हृदयाचा उजवा कप्पा फुटला होता आणि महाधमनीला आतून सुमारे दीड इंचाची चीर गेली होती. निदान अचूक झालं, पण माणूस गेल्यावर.

म्हणजे नेमकं काय होतं?

महाधमनी ही हृदयातून निघणारी शरीरातली सगळ्यात मोठी रक्तवाहिनी. तिच्या भिंतीला तीन थर असतात. आतला थर फाटला की रक्त थरांच्या मध्ये घुसतं आणि कोटाचं अस्तर उसवावं तशी भिंत सुटत जाते. ही फाट हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळीच्या तोंडाशी आली, तर ईसीजीसुद्धा हुबेहूब हार्ट अटॅकसारखा दिसतो.

खरा धोका इथेच आहे. अटॅकमध्ये गुठळी विरघळवणारं इंजेक्शन जीव वाचवतं. डिसेक्शनमध्ये तेच इंजेक्शन जीव घेऊ शकतं.

मशीनला काय दिसतं?

इको म्हणजे आवाजाच्या लहरींनी काढलेलं हृदयाचं चालतं चित्र. १९५३ मध्ये स्वीडनमध्ये एडलर आणि हर्ट्झ यांनी त्याची सुरुवात केली. इकोत महाधमनीचं मूळ फुगलेलं, झडप गळताना, पिशवीत रक्त साठलेलं किंवा धमनीत सुटलेला पापुद्रा हलताना दिसू शकतो. निकोल्स यांना जे शव कापून दिसलं, ते इथे जिवंत माणसात काही मिनिटांत दिसतं. पण इको नॉर्मल आला म्हणजे डिसेक्शन नाहीच, असं नाही. संशय उरला तर शिरेतून डाय देऊन सीटी अँजिओग्राफी करतात. त्यात फाट कुठून कुठपर्यंत गेली आहे ते कळतं.

यावरची शस्त्रक्रिया रुळवणारे अमेरिकन सर्जन मायकल डिबेकी यांना ९७व्या वर्षी हाच आजार झाला. आधी त्यांनाही अटॅकच वाटला! २००६ मध्ये ऑपरेशन झालं आणि ते पुढे दोन वर्षं जगले.

मग आपण काय करायचं?

हातातलं स्मार्टवॉच ईसीजी काढतं, पण महाधमनीची भिंत त्याला दिसत नाही. त्यामुळे घड्याळात सगळं ठीक दिसलं म्हणून घरी बसू नका. कोल्हापुरात असा, नाहीतर गगनबावड्यात. छातीत किंवा पाठीत फाडल्यासारखी कळ एकदम आली, तर १०८ ला फोन लावा. डॉक्टरांना तीन गोष्टी सांगा: कळ एका क्षणात सुरू झाली का, ती पाठीकडे सरकली का आणि बीपीचा त्रास आहे का. दोन्ही हातांचं बीपी वेगवेगळं येणं हीसुद्धा महत्त्वाची खूण आहे. एवढ्या माहितीवरून इंजेक्शनच्या आधी इको किंवा सीटी करायचं डॉक्टर ठरवू शकतात.